स्वसंरक्षणाचा हक्क आणि शस्त्राची शिस्त

१ जानेवारी २०२३ ची संध्याकाळ. जम्मू विभागातील राजौरी शहरापासून अवघ्या काही किलोमीटरवर असलेल्या ढांगरी या गावात दहशतवादी शिरले. ओळीने हिंदूंच्या घरांत घुसून त्यांनी गोळीबार सुरू केला. त्या वेळी गावातील ग्रामसंरक्षण समितीच्या एका सदस्याने आपली थ्री-नॉट-थ्री रायफल उचलली, घराबाहेर येऊन दहशतवाद्यांच्या दिशेने गोळ्या झाडल्या आणि प्रत्युत्तराची अपेक्षा नसलेले हल्लेखोर अंधारात पळून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच पेरून ठेवलेल्या स्फोटकांचा स्फोट झाला आणि दोन लहानग्यांचा बळी गेला. एकूण सात जण या हल्ल्यात मृत्युमुखी पडले. एक जुनाट रायफल आणि ती वेळेवर उचलणारा एक सामान्य गावकरी नसता, तर हा आकडा कुठवर गेला असता याची कल्पनाही करवत नाही. गावातील बहुसंख्य रायफली पोलिसांनी त्यापूर्वीच परत घेतल्या होत्या, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. ती तक्रार सुन्न करणारी होती.

सामान्य नागरिकाने स्वतःच्या आणि आप्तांच्या रक्षणासाठी शस्त्र उगारावे की नाही, हा प्रश्न दिवाणखान्यात बसून चर्चा करणाऱ्यांना तात्त्विक वाटतो. ज्याच्या दारात मारेकरी उभा आहे त्याला तो तात्त्विक वाटत नाही. या चर्चेत नेहमी दोन टोके दिसतात. संरक्षण हे सर्वस्वी सरकारचे काम आहे, नागरिकाने शस्त्राला हातही लावू नये, असे एक टोक सांगते. दुसरे टोक घरोघरी पिस्तूल दिले की सारे प्रश्न सुटतील अशा भ्रमात असते. जम्मूच्या डोंगराळ भागातील गेल्या तीस वर्षांचा अनुभव या दोन्ही टोकांना उत्तर देणारा आहे आणि म्हणूनच तो नीट समजून घेतला पाहिजे.

१९९० मध्ये काश्मीर खोऱ्यातून हिंदूंना आपली घरेदारे सोडून परागंदा व्हावे लागले. त्यानंतर दहशतवादाची नजर पीर पंजालच्या अलीकडे वळली. ऑगस्ट १९९३ मध्ये किश्तवाडजवळ बस अडवून, हिंदू प्रवाशांना निवडून बाहेर काढण्यात आले आणि गोळ्या घालण्यात आल्या. हेतू स्पष्ट होता. खोऱ्यात जे घडले तेच डोडा, किश्तवाड, राजौरी, पूंछ या भागांत घडवायचे होते. या प्रदेशाचा भूगोल मारेकऱ्यांच्या सोयीचा आहे. दोन-चार घरांच्या वस्त्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत, अनेक ठिकाणी रस्ता नाही, हिवाळ्यात बर्फाने वाटा बंद होतात. पोलीस ठाण्यातून मदत निघाली तरी ती पोहोचेपर्यंत सारे संपलेले असते. प्रत्येक वस्तीवर लष्कराची तुकडी ठेवणे कोणत्याही राष्ट्राला शक्य नाही. या वास्तवातून १९९५ मध्ये ग्रामसंरक्षण समित्यांची कल्पना पुढे आली. गावातील निवडक पुरुषांना, त्यांत बरेचसे निवृत्त सैनिक होते, थ्री-नॉट-थ्री रायफली आणि मोजकी काडतुसे देण्यात आली. दिवसा शेती किंवा दुकान आणि रात्री पाळीपाळीने पहारा, असे हे जीवन होते.

या समित्यांनी मारेकऱ्यांना प्रत्येक वेळी रोखले असे नाही. एप्रिल १९९८ मध्ये प्राणकोट, त्याच वर्षी जूनमध्ये चापनारी येथे लग्नाच्या वऱ्हाडावर झालेला हल्ला, एप्रिल २००६ मध्ये डोडा जिल्ह्यातील कुल्हाण्ड. ही नावे विसरण्यासारखी नाहीत. प्रत्येक ठिकाणी निःशस्त्र माणसे डझनांनी मारली गेली. परंतु एवढे होऊनही डोडा-किश्तवाडचे डोंगर खोऱ्यासारखे रिकामे झाले नाहीत. लष्कराच्या अथक कारवाईला त्याचे मोठे श्रेय आहेच. त्याचबरोबर रात्री उशाशी रायफल ठेवून झोपणाऱ्या आणि पहाटे पुन्हा नांगर धरणाऱ्या शेतकऱ्यालाही ते द्यावे लागेल. आपल्या पाठीशी कोणी आहे आणि आपल्या हातात काही आहे, ही जाणीव माणसाला आपल्या मातीत पाय रोवून उभे राहण्याचे बळ देते.

हा हक्क कोण्या एका धर्माचा नाही, हेही याच डोंगरांनी दाखवून दिले. २७ सप्टेंबर २००९ च्या रात्री राजौरी जिल्ह्यातील कालसी येथे रुखसाना कौसर या तरुणीच्या घरात दहशतवादी घुसले. तिला आपल्या ताब्यात द्यावे म्हणून ते तिच्या आईवडिलांना मारहाण करीत होते. लपून बसलेली रुखसाना कुऱ्हाड घेऊन बाहेर आली, तिने दहशतवाद्यावर घाव घातला, त्याचीच रायफल हिसकावली आणि त्याच्यावर झाडली. तिच्या भावानेही धैर्याने साथ दिली. पुढे तिला कीर्तिचक्राने गौरविण्यात आले. परंतु गौरवाच्या बातम्यांत एक गोष्ट झाकली गेली. त्या रात्रीनंतर या कुटुंबाला सुरक्षेसाठी आपले घर सोडून राहावे लागले. शस्त्र उचलण्याचा क्षण काही सेकंदांचा असतो, त्याचे परिणाम मात्र वर्षानुवर्षे भोगावे लागतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये किश्तवाडच्या जंगलात गुरे चारण्यासाठी गेलेल्या दोन ग्रामरक्षकांचे दहशतवाद्यांनी अपहरण केले आणि त्यांची हत्या केली. त्यांतील एक हिंदू होता, दुसरा मुसलमान. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उधमपूर जिल्ह्यातील बसंतगढ येथे चकमकीत प्राण वेचणारा ग्रामरक्षकही मुसलमान होता. आणि २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या बैसरन पठारावर धर्म विचारून २६ जणांना मारण्यात आले, ज्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते, तेव्हा रित्या हातांनी मारेकऱ्याची बंदूक हिसकावण्याचा प्रयत्न करताना बळी गेलेला घोडेवालाही स्थानिक मुसलमानच होता. दहशतवादी माणसांची विभागणी धर्मावर करतात. त्यांना सामोरे जाणाऱ्यांची रांग मात्र एकच असते.

आता कायद्याकडे वळले पाहिजे. आत्मसंरक्षणाचा हक्क ही कोणा सरकारची मेहेरबानी नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ यांत तो मान्य केलेला होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ यांत तो कायम आहे. स्वतःच्या शरीराबरोबर दुसऱ्याच्या शरीराचेही रक्षण करण्याचा हक्क त्यात आहे, ही बाब अनेकांना ठाऊक नसते. शेजाऱ्याच्या घरावर हल्ला झाला असता धावून जाणारा माणूस कायद्याच्या दृष्टीनेही योग्यच वागत असतो. मृत्यूची किंवा गंभीर इजेची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा प्रसंगी हल्लेखोराचा मृत्यू घडला तरी हा हक्क संपत नाही. दरोडा, सूर्यास्तानंतरची घरफोडी किंवा राहत्या घराला लावलेली आग या बाबतींतही तसेच आहे.

परंतु या हक्काला मर्यादांचे कुंपण आहे. भीती रास्त असली पाहिजे. ती उत्पन्न झाली की हक्क सुरू होतो आणि ती संपली की हक्कही संपतो. पाठ फिरवून पळणाऱ्यावर झाडलेली गोळी स्वसंरक्षणात बसत नाही, ती सूडात मोडते. पोलिसांची मदत घेण्यास पुरेसा अवधी असेल तर हा हक्क उरत नाही. आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा नाही. शिवाय आपण स्वसंरक्षणासाठीच शस्त्र चालविले हे न्यायालयाला पटवून देण्याची जबाबदारी आरोपीवरच येते. ‘दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य’ हा खटला या दृष्टीने बोलका आहे. जमिनीच्या वादात वडिलांच्या डोक्यावर गंडाशाचा घाव बसलेला पाहून मुलाने आपल्या परवानाधारक बंदुकीतून गोळी झाडली. सत्र न्यायालयाने त्याला सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरविले आणि अखेर जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष मुक्त केले. संकटात सापडलेल्या माणसाने पळून जावे अशी कायद्याची अपेक्षा नाही आणि त्या क्षणी त्याने प्रतिकाराचे माप काटेकोरपणे तोलावे अशीही नाही, असे या निकालाने स्पष्ट केले. निकाल स्वागतार्ह होता. पण तो येईपर्यंत त्या घराने काय सोसले असेल, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

शस्त्र बाळगण्याचा इतिहासही आपल्याकडे विस्मरणात गेला आहे. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर इंग्रजांना भारतीयांच्या हातातील शस्त्राची धास्ती वाटू लागली. लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ मध्ये, शस्त्रकायदा आला. भारतीयाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनाला सूट, असा तो उघड पक्षपात होता. समाजाला निःशस्त्र करणे म्हणजे त्याचे मन दुबळे करणे, हे स्वातंत्र्यलढ्यातील भिन्न विचारांच्या नेत्यांनाही जाणवले होते. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने संमत केलेल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. घटना समितीत मात्र डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी त्यासाठी मांडलेली दुरुस्ती फेटाळली गेली. आज शस्त्र हा मूलभूत हक्क नाही. १९५९ च्या कायद्यान्वये मिळणारा तो परवाना आहे. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण आवश्यक ठरविले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगण्याची मर्यादा घातली आणि लग्नसमारंभातील बेदरकार गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली.

ही शेवटची तरतूद करावी लागली यातच समाजाच्या एका व्याधीचे निदान आहे. शहरांतून आणि निमशहरांतून कमरेला पिस्तूल लावून मिरवणे हे अनेकांना प्रतिष्ठेचे लक्षण वाटते. वरातीत हवेत बार काढणारा, गाडीला गाडी घासली म्हणून पिस्तूल दाखविणारा आणि ढांगरीत रायफल उचलणारा, या तिघांच्या हातात शस्त्रच असते. पण पहिल्या दोघांना त्याचा अर्थ कळलेला नसतो. नुसते धाक दाखविण्यासाठी शस्त्र उपसणे हाही गुन्हा ठरू शकतो आणि परवाना रद्द होण्यास तो पुरेसा असतो. शिवाय उपसलेले शस्त्र परत म्यानात घालणे सोपे नसते. समोरचा घाबरला नाही तर पुढे काय, याचा विचार न करता ते बाहेर काढणारा माणूस स्वतःचे रक्षण करीत नाही, संकट वाढवतो. घरातील शस्त्र कुलुपात नसेल तर ते सर्वप्रथम घरातल्याच मुलाबाळांच्या जिवावर बेतते.

म्हणूनच शस्त्राबरोबर शिस्त हवी आणि ती संघटित हवी. छत्तीसगडमध्ये अल्पशिक्षित आदिवासी तरुणांच्या हाती पुरेशा प्रशिक्षणाविना बंदुका दिल्या गेल्या आणि जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो प्रयोग थांबवावा लागला. जम्मूतील समित्यांच्या काही सदस्यांवरही गुन्हे नोंदले गेले आहेत. ते लपविण्याचे कारण नाही. ज्याने गावाच्या रक्षणासाठी दिलेली रायफल भाऊबंदकीसाठी वापरली, त्याने पहाऱ्यावर प्राण देणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांशीच द्रोह केला आहे. त्याची रायफल काढून घेतली पाहिजे आणि त्याला शिक्षाही झाली पाहिजे. परंतु काहींच्या अपराधासाठी साऱ्या गावाला निःशस्त्र करणे हा न्याय नव्हे.

२०२२ मध्ये या समित्यांची पुनर्रचना होऊन ग्रामसंरक्षण गट स्थापन झाले. गटप्रमुखाला दरमहा ४,५०० आणि सदस्याला ४,००० रुपये मानधन ठरले आणि नियंत्रण जिल्हा पोलीस प्रमुखांकडे आले. ढांगरीनंतर प्रशिक्षणाला वेग आला, जुन्या रायफलींच्या जागी काही ठिकाणी स्वयंभरण रायफली देण्यात आल्या. दिशा योग्य आहे, परंतु एवढ्यावर थांबता येणार नाही. यांत्रिक रायफल घेऊन येणाऱ्या प्रशिक्षित घुसखोरासमोर प्रत्येक गोळीनंतर खिट्टी ओढावी लागणारी, दोन महायुद्धांच्या काळातील रायफल देऊन गावकऱ्याला उभे करणे हे त्याच्या शौर्याची परीक्षा पाहण्यासारखे आहे. नियमित नेमबाजीचा सराव, पुरेशी काडतुसे, संपर्काची खात्रीशीर साधने, वेळेवर मानधन, बलिदान झाल्यास कुटुंबाला सैनिकाच्या कुटुंबासारखा आधार आणि कर्तव्य बजावताना खटला उभा राहिला तर सरकारी खर्चाने वकील, एवढे तरी त्यांना मिळालेच पाहिजे.

आपण महाराष्ट्रात बसून काय करावे, असे काहींना वाटेल. घरोघरी बंदुका घेणे हे त्याचे उत्तर नव्हे. कायदा समजून घेणे, मुलामुलींना स्वसंरक्षणाचे शिक्षण देणे, शरीर आणि मन कणखर ठेवणे, शेजाऱ्याच्या हाकेला दार उघडून बाहेर येणे आणि सीमेवरील या निनावी पहारेकऱ्यांच्या कुटुंबांशी नाते जोडणे, हे प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे. सैन्य सीमा राखते, पोलीस रस्ता राखतात. परंतु गाव राखण्याची इच्छा गावातच असावी लागते. ती इच्छा ज्या समाजात जागी असते, त्याच्या हाती शस्त्र शोभते आणि क्वचितच वापरावे लागते. ती मेली तर शस्त्रागारे भरलेली असूनही तो समाज निःशस्त्रच राहतो.