वंशावळ कुणाच्या कुळाची?

मराठा आरक्षणाच्या मागणीतून, कुणबी नोंदींच्या शोधासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि शेतीवर जगणाऱ्या लहान लहान बाजारगावांत घरोघर वंशावळी मांडल्या जाऊ लागल्या. कोतवाल बुके, शाळांची जनरल रजिस्टरे, मोडीतले महसुली कागद चाळले गेले. पणजोबा, खापरपणजोबा सापडले. पण एकाच घरातले नवरा-बायको हे कागद पुढ्यात घेऊन बसले, की नवऱ्याची बाजू चार-पाच पिढ्या मागे जाते आणि बायकोची बाजू तिच्या आजीपाशी अडते. कारण त्या आजीचे माहेरचे नाव लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव कोरले गेले त्या दिवशीच मागे पडले आणि सासरच्या कोणत्याही दप्तरात ते आले नाही. जोडप्याच्या घराण्याचा इतिहास म्हणून आपण जो सांगतो, तो निम्म्याच माणसांचा असतो.

ही उणीव धर्मशास्त्राच्या माथी मारून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे, पण ते पुरते खरे नाही. विक्रमादित्य चालुक्याच्या काळात कल्याणीस विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली, तेव्हा वारशाने, खरेदीने, वाटणीने स्त्रीकडे आलेली मालमत्ताही त्याने स्त्रीधनात धरली. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाचा ‘व्यवहारमयूख’ सतराव्या शतकातला. त्याच्याच आधारे मुंबई इलाख्यात बहिणीला वारसांच्या रांगेत बरीच वरची जागा मिळाली. इतर प्रांतांतल्या मुलीला बापाची मिळकत हयातीपुरती मिळे, या इलाख्यात ती पूर्ण मालकीने मिळे. म्हणजे पोथीत वाट होती. ती गावच्या चावडीपर्यंत पोचली नाही, आणि पुढच्या प्रत्येक शतकात हेच घडत आले.

चावडीचा हिशेब वेगळा होता. महजरावर कुणबी नांगराची निशाणी करी, ती वतनाच्या आणि साऱ्याच्या जबाबदारीची खूण होती. त्याच नांगरामागे पेरणी, खुरपणी, मळणी करणाऱ्या बाईला निशाणी करण्याचा प्रसंग क्वचितच येई. इंग्रजांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या हातून जमिनीची नवी मोजणी व आकारणी सुरू केली, तेव्हा सरकारला प्रत्येक नंबरामागे सारा भरणारा एक खातेदार हवा होता. तो अर्थातच घरचा कर्ता पुरुष ठरला. राज्याच्या सोयीसाठी घेतलेले ते नाव पुढे कुटुंबाचाच इतिहास होऊन बसले.

त्या एका नावावर काय काय लादले गेले, ते सुप्यात दिसले. १२ मे १८७५ हा भीमथडीतल्या या गावचा बाजारचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने वेढली आणि रोखे, खते, वह्या मागून घेऊन जाळल्या. त्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर होता. लग्नकार्यांतल्या उधळपट्टीने शेतकरी बुडाला, हे तेव्हाही सरसकट बोलले जाई. पण चौकशी करणाऱ्या आयोगानेच या कारणाला अवास्तव महत्त्व दिले गेल्याचे नमूद केले. तरीही दीडशे वर्षे आपण तेच बोलतो. मुलीच्या लग्नाने घर बसले, हे वाक्य आजही गावोगाव ऐकू येते. वाढलेला सारा, पडलेला कापसाचा भाव, एकतर्फी होणारे दिवाणी हुकूमनामे मात्र त्या घराच्या आठवणीत उरत नाहीत. कर्जाची पाळी आली की घरातले पहिले गहाण बहुधा बायकोच्या अंगावरचे असे. तिचे सोने गेले, खत नवऱ्याच्या नावचे राहिले, आणि कहाणीत दोष मुलीच्या लग्नाला लागला.

पुढे कायदे आले, पण प्रत्येक वेळी जमिनीच्या बांधाशी थबकले. विधवेला हक्क देणारा १९३७ चा कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, असा निर्वाळा फेडरल कोर्टाने १९४१ साली दिला. १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेला व मुलीला वारस केले. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला जन्मतः सहदायाद केले. तरी बाप गेल्यावर बहिणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत येतात, हक्कसोडपत्रावर अंगठा देतात आणि साडी-चोळी घेऊन परततात. माहेर तुटू नये म्हणून दिलेला तो अंगठा असतो. त्यात खुशी किती आणि धाक किती, हे कोणताही निबंधक नोंदत नाही.

म्हणूनच शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या लक्ष्मीमुक्तीची आठवण मला फार मोलाची वाटते. १९८६ च्या चांदवड अधिवेशनात शेतकरी बाईचा प्रश्न ऐरणीवर आला, त्यातून पुढे हा कार्यक्रम उभा राहिला: ज्या गावात शंभर शेतकरी बायकोच्या नावे जमीन करून देतील, ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. मागे ना कोर्ट होते, ना भांडण. नवऱ्याने जिवंतपणी, धडधाकट असताना बायकोचे नाव लावायचे, एवढेच. १९९२ साली शासनानेही सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याचा आदेश काढला. पुढच्या दशकांत विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्या वाढत गेल्या, तेव्हा या धड्याची खरी किंमत कळायला हवी होती. नवऱ्यामागे तीच जमीन कसणाऱ्या बाईला वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घालावे लागले, दिराची संमती मागावी लागली, पीककर्जासाठी आपण शेतकरी असल्याचे पटवून द्यावे लागले. सातबाऱ्यावर तिचे नाव आले ते बहुधा ‘मयताची विधवा’ म्हणूनच.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आता आईचे नाव येते. ते योग्यच झाले. पण सवलतीसाठी आज लिहिली जाणारी वंशावळ बापाच्याच बाजूने चढते, आणि महसुलासाठी घडलेला साचा आपण दुसऱ्यांदा, या वेळी स्वतःच्या हाताने, पक्का करत आहोत. वंशावळ मांडायला बसलेल्या जोडप्याने दुसऱ्या बाजूची पाने भरावीत: आईचे माहेर, आजीचे पहिले नाव, तिच्या आईचे गाव. ते सांगू शकतील अशा ऐंशी-नव्वदीच्या बाया आज घरोघर आहेत, पण फार वर्षे नसतील. आणि त्याच फेरीत तलाठी कार्यालयात अर्ज देऊन, दोघेही हयात असतानाच, सातबाऱ्यावर दुसरे नाव चढवून घ्यावे.