बिडी शपथेने सुटत नाही, तयारीने सुटते

१४ एप्रिलच्या कार्यक्रमात व्यसनमुक्तीची सामूहिक प्रतिज्ञा घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत व्यासपीठावरून ती मीच दिली. तासाभराने विहाराच्या मागे एक ज्येष्ठ कार्यकर्ते बिडी ओढताना दिसले. उभी हयात चळवळीत घालवलेला माणूस! मला पाहताच त्यांनी बिडी पाठीमागे लपवली आणि म्हणाले, "वकीलसाहेब, प्रतिज्ञा खोटी नव्हती. पण हात ऐकत नाही."

मी त्यांना काय बोलणार? ज्या न्यायालयाच्या इमारतीत २००३ च्या कायद्याने धूम्रपानाला बंदी आहे, तिच्याच कुंपणालगत चहाच्या टपरीवर मी बारा वर्षे सिगारेट ओढली आहे. तीनदा सोडली, तीनदा धरली, चौथ्यांदा सुटली. म्हणून आज उपदेश न करता हिशेब मांडतो आहे.

प्रथम एक पळवाट बंद करू. "पाचव्या शीलात तंबाखूचे नाव कुठे आहे? बावीस प्रतिज्ञांत दारू आहे, बिडी नाही," असा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. तंबाखू या देशात आली ती पोर्तुगीजांबरोबर, बुद्धानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी. जी वस्तू नव्हतीच तिचे नाव कसे असेल? कायद्यात पळवाट शोधणारा अशील आणि शीलात पळवाट शोधणारा उपासक, दोघेही शेवटी स्वतःलाच फसवतात.

पण खरा प्रश्न वेगळा आहे. ज्याला मनापासून सोडायची आहे, त्याची का सुटत नाही? धूर ओढल्यावर काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते. वर्षानुवर्षे मेंदूला त्याची सवय लागते. ते बंद झाले की चिडचिड, बेचैनी, झोपमोड सुरू होते. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. कोणत्याही मदतीशिवाय, केवळ मनाच्या बळावर सोडणाऱ्या शंभरांपैकी तीन ते पाच जणच सहा महिने ते वर्षभर टिकतात. बहुतेकांचा निर्धार पहिल्या आठ दिवसांतच मोडतो. म्हणजे परत ओढणारा माणूस खोटारडा नसतो. तो शस्त्राविना लढायला गेलेला असतो.

मग यशस्वी होणारे काय करतात?

पहिली गोष्ट, ते तारीख ठरवतात आणि त्या दिवशी पूर्ण थांबतात. २०१६ मध्ये ब्रिटनमधील सुमारे ७०० धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ठरल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनंतर टिकून होते, हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ३९ टक्के. दोन्ही गटांना औषध आणि सल्ला मिळत होता, हेही ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट, ते औषध घ्यायला लाजत नाहीत. निकोटिनचा च्युइंगगम किंवा पट्टी वापरल्यास यशाची शक्यता सुमारे दीडपट होते, दोन्ही मिळून वापरल्यास आणखी वाढते. २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत त्यांचा समावेश झाला आहे. गम मात्र खर्ऱ्यासारखा चघळायचा नसतो. सावकाश चावावा, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीमध्ये दाबून ठेवावा, थोड्या वेळाने पुन्हा चावावा. त्याआधी पंधरा मिनिटे चहा घेऊ नये. माझे पहिले दोन गम वाया गेले ते हे माहीत नसल्यामुळे. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे. गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच.

तिसरी गोष्ट, ते एकटे राहत नाहीत. १८००-११-२३५६ हा सरकारी निःशुल्क क्रमांक आहे. सप्टेंबर २०१८ पासून तो तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापणे बंधनकारक आहे. रोज हातात असलेल्या पुड्यावरचा हा क्रमांक आपल्यापैकी किती जणांनी लावला? तेथे मराठीतूनही बोलता येते. जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्ती केंद्रेही आहेत. जे आपल्या करातून चालते ते हक्काने वापरले पाहिजे.

चौथी गोष्ट, ते तलफेची वाट ओळखतात. चहा, जेवण, सभेनंतरच्या गप्पा, या तिच्या वेळा. तलफ काही मिनिटेच टिकते. उठते, वाढते, मावळते. ज्यांनी विहारात श्वासावर लक्ष ठेवायचे शिकले आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. तेवढी मिनिटे पाणी प्यावे, चालावे, कुणाशी बोलावे.

येथे एक धोक्याची सूचना. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, पण तंबाखू खाणारे अथवा लावणारे २४.४ टक्के. बिडी टाकून खर्रा धरणे म्हणजे सोडणे नव्हे. घरातली मिश्रीही त्याच हिशेबात येते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे पोराबाळांनाही ठाऊक आहे! बिडी 'पानाची, देशी' म्हणून सौम्य असते, हाही भ्रम आहे. तिच्यातून सिगारेटपेक्षा अधिक निकोटिन आणि डांबर शरीरात जाते.

कामठीच्या बाबू हरदास यांनी ज्यांना संघटित केले ते बिडी कामगारच होते. वळणारे हात आपले, ओढणारी छाती आपली, नफा मात्र दुसऱ्याच्या तिजोरीत. रोजचे तीस रुपये धरले तरी वर्षाला १०,९५० रुपये होतात. एवढ्यात मुलीच्या कॉलेजची पुस्तके येतात.

त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांना मी एवढेच म्हणालो, "काका, प्रतिज्ञा राहू द्या. तारीख सांगा." त्यांनी पंधरा दिवसांनंतरचा रविवार सांगितला. नातवाने क्रमांक लावला, काकूंनी घरातल्या काड्यापेट्या गॅसजवळची एक सोडून सगळ्या उचलल्या. अकराव्या दिवशी एका तेरवीत त्यांनी ओढली. कुणी टोचून बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मोजणी सुरू केली. आज चौदा महिने झाले. खोकला कमी आहे, जिना न थांबता चढतात.

प्रतिज्ञा द्यायला माझा विरोध नाही. पण प्रतिज्ञा देणाऱ्यांवरही जबाबदारी येते. प्रत्येक विहाराच्या फलकावर तो क्रमांक लिहा. सोडणाऱ्यांची नावे घेऊ नका, त्यांच्या तारखा घ्या. प्रत्येकाला पहिले पंधरा दिवस एक सोबती द्या. रविवारच्या वंदनेनंतर "कसे चालले आहे?" एवढेच विचारा. आणि ज्याची पुन्हा सुरू झाली त्याला हिणवू नका, त्याला पुढची तारीख विचारा.

चळवळीला भाषणे करणारे पुष्कळ मिळतील. चाळीस वर्षे जिना चढून घरोघरी जाणारा कार्यकर्ता पुन्हा मिळत नाही. त्याचे फुप्फुस शाबूत राखणे हेही चळवळीचेच काम आहे.