बुडावरचा ठसा आणि नळीतले मीठ

१/ मे महिन्यातल्या अकोल्याच्या कोरड्या उन्हात जुन्या रायफलीची नळी आरशासारखी लखलखीत दिसू शकते. तीच रायफल आषाढात चिखलदऱ्याच्या धुक्यात नेली, तर थोड्याच दिवसांत आतून तांबूस होऊ शकते. दोष पावसाच्या किंवा आळशी शिपायाच्या माथी मारला जातो. खरा गुन्हेगार बहुधा नळीत आधीच दडून बसलेला असतो.

२/ काडतुसाच्या बुडाशी एक लहान टोपी असते. तिच्यावर आघात होताच आतले मिश्रण पेटते आणि ती ज्योत दारूला लागते. जुन्या लष्करी टोप्यांच्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते. हे आपल्या जेवणातल्या मिठाचे सख्खे भावंड.

३/ पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मीठ लोखंडाचे काय करते हे सांगावे लागत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ८५ टक्क्यांपलीकडे गेली, की पोटॅशियम क्लोराइड हवेतलेच पाणी ओढून विरघळू लागते. वऱ्हाडचा उन्हाळा म्हणूनच फसवा: त्यात मीठ झोपते, नाहीसे होत नाही.

४/ काळ्या दारूच्या काळात नळीत इतकी काजळी साचे, की ती पाण्याने धुवावीच लागे. त्यासोबत मीठही निघून जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू आली, नळी वरकरणी स्वच्छ दिसू लागली आणि गंजाचे खापर अनेक वर्षे नव्या दारूवर फुटले. १९२२ मध्ये अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सच्या संशोधनाने टोपीतल्या क्षाराकडे स्पष्ट बोट दाखवले.

५/ ब्रिटिश सैन्यातला उपाय मात्र साधा होता: नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतणे. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. न धुता वर तेल फासणे म्हणजे मीठ झाकून ठेवणे. पाणी आधी, तेल नंतर, हा क्रम महत्त्वाचा.

६/ मग गंजकारक काडतूस ओळखावे कसे? पहिला पुरावा बुडावरचा ठसा. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या .३०३ काडतुसांवर के आणि एफ ही अक्षरे आढळतात. बनावटीचे वर्षही अनेकदा तिथेच कोरलेले असते. त्या काळातील ब्रिटिश व भारतीय लष्करी .३०३ काडतूस गंजकारकच धरून चालावे.

७/ केवळ वर्ष पुरत नाही. अमेरिकेत रेमिंग्टनने १९२७ मध्ये गंजविरहित टोपी बाजारात आणली. तरी तिथल्या बहुतेक लष्करी काडतुसांत हा बदल १९५० च्या दशकात झाला. उलट, दुसऱ्या महायुद्धातील एम-१ कार्बाइनची अमेरिकी काडतुसे प्रारंभापासून गंजविरहित होती. देश, कारखाना, वर्ष आणि काडतुसाचा प्रकार हे चारही एकत्र वाचावे लागतात.

८/ काही समज टाकून द्यावेत. पितळ चकचकीत आहे म्हणून टोपी निर्दोष ठरत नाही. बर्डन पद्धतीची टोपी म्हणजे गंजकारकच, हेही खरे नाही. ते नाव रचनेचे आहे, रसायनाचे नव्हे. टोपीतला पारा पितळ ठिसूळ करतो. नळीच्या गंजाशी त्याचा संबंध नाही.

९/ न्यायालयात आरोपी दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष असतो. जुन्या लष्करी काडतुसाला हा नियम उलटा लावावा: निर्दोष सिद्ध होईपर्यंत गंजकारक. आणि गंजलेली .३०३ पाहून शिपायाचा आळस गृहीत धरणाऱ्याने आधी विचारावे, त्याला कोणती काडतुसे मिळाली होती आणि धुण्याची सोय होती का? त्याखेरीज दिलेला निकाल हा इतिहास नव्हे, निव्वळ ग्रह होय.

१०/ एक सावधगिरी. जुन्या पेटीत काडतूस सापडले, तर ते ठोकू नये, उघडू नये, स्मृतिचिन्ह म्हणून ठेवूही नये. जिवंत काडतूस विनापरवाना बाळगणे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे. ठसे वाचण्याचा अभ्यास संग्रहालयातल्या निकामी नमुन्यांवर आणि छायाचित्रांवरही उत्तम होतो.