मधल्या शब्दाचं काय केलंत?

दोस्तहो, सारसोळ्यात जा नाहीतर चेंबूरला, जयंतीच्या बॅनरवर तीच ओळ: शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. बाबासाहेब जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या दलित वर्ग परिषदेत इंग्रजीत बोलले तेव्हा क्रम वेगळा होता: एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ. मराठीत येताना मधला शब्द उचलून शेवटी टाकला आणि त्याचा 'संघर्ष' केला. कुणी विचारलं, का?

अ‍ॅजिटेटचं मूळ लॅटिनमध्ये. 'आगेरे' म्हणजे हाकणे. त्यावरून 'आगितारे': पुन्हा पुन्हा हलवणे, ढवळणे, मनात घोळवणे. त्यालाच 'को' जोडून झालं 'कोगितारे', म्हणजे विचार करणे. ऐकताय ना? ढवळणं आणि विचार करणं एकाच घरातली भावंडं! आपल्या 'आंदोलना'चं मूळही झुलणं, हलणंच. आणि आपलं आंदोलन? मंडप, माईक, निवेदन, फोटो.

१६४७ साली इंग्लंडात क्रॉमवेलच्या फौजेतल्या साध्या शिपायांनी आपले प्रतिनिधी निवडले. थकलेला पगार आणि हक्क त्यांनी अधिकाऱ्यांपुढे मांडले. त्यांना म्हणत अ‍ॅजिटेटर. पुढे मालकांनी त्याच शब्दाची शिवी केली: माणसं भडकवणारा. शिवीला भिऊन आपणही तो शब्द टाकला काय?

शिकला पण ढवळला नाही, तो नोकरी धरतो, ब्लॉक घेतो, आडनाव बदलतो आणि वस्तीची वाट विसरतो. अशी दहा माणसं एकत्र आली की संघटना होत नाही, पावतीपुस्तक होतं. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष निघाला. त्याचे गट मोजायला बोटं पुरत नाहीत. १९७२ ची पँथर दोन-तीन वर्षांत फुटली. पुढारी विकले गेले म्हणून बोंबलता, पण तळातली माणसं ढवळलेली असती तर पुढाऱ्याला विकायची छाती झाली असती?

सारसोळ्याच्या मातीतच बघा. १९७० साली सिडको आली, ९५ गावांच्या जमिनींवर शहर आखलं गेलं. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या मागे आगरी-कोळी माणसं जासईला उभी राहिली, गोळीबारात पाच जण पडले, आणि साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळवला गेला. छातीवर गोळी झेलणारा माणूस एका सभेत तयार होत नसतो. पण साडेबारा टक्क्यांचं माप जमिनीवरून. ज्याचं नाव सातबारावर कधी चढलंच नाही, जो दुसऱ्याच्या खाचरात, मिठागरात राबला, त्याच्या पदरात किती पडलं? हा प्रश्न आपल्या किती बैठकांत निघाला?

तेव्हा मधला शब्द मध्ये ठेवा. शिका, ढवळा, मग संघटित व्हा. आधी स्वतःचं डोकं, मग घरातल्यांचं, मग आळीचं. पुढच्या बैठकीत हाराचा आणि डीजेचा हिशोब जरा बाजूला सारा आणि अध्यक्षाला घाम फुटेल असा एक तरी प्रश्न टाका.

जयभीम!