पाण्याचा भाव

परवा नातवाने संगणकावर त्याची विमान कंपनी दाखवली. खेळातलीच, पण ताळेबंद अगदी खऱ्यासारखा. ‘‘आजोबा, तुम्ही बँकेत होतात ना? मग विमानातले भाव तुम्ही ठरवा,’’ असे म्हणून त्याने खुर्ची सोडली.

जेवण, पाणी, पांघरूण, खिडकीजवळची जागा... प्रत्येकापुढे एक रकाना. माझा पिंड जुन्या वळणाचा. मी सगळे फुकट वाटले. कंपनी तोट्यात गेली. तिकीट महाग केले, तर जागा रिकाम्या राहिल्या. मग जेवणाला भाव लावला. गाडी रुळावर आली. पाण्यालाही लावला, नफा आणखी वाढला. प्रवाशांच्या समाधानाचा आकडा तेवढा दोन टक्क्यांनी घसरला.

‘‘दोन टक्के चालतात, आजोबा!’’

मी चपापलो. हे वाक्य माझेच होते. बचत खात्यात किमान शिल्लक नसेल तर दंड कापायचा, असे परिपत्रक आले, तेव्हा थोडी खाती बंद होतील, तेवढी चालतात, असे मीच शाखेत म्हणालो होतो. पुढे एक फुलवाली पासबुक घेऊन आली. ‘‘साहेब, माझे चाळीस रुपये कोणी काढले?’’ मी तिला परिपत्रक दाखवले. तिला वाचता येत नव्हते.

ज्याचे त्याचे पैसे वेगळे घेणे, हे तत्त्व वाईट नाही. 2003 साली एअर डेक्कनने खाण्यापिण्याचे पैसे तिकिटातून बाजूला काढले आणि कितीतरी माणसे पहिल्यांदा विमानात बसली. ज्याला उपमा नको, त्याने शेजाऱ्याच्या उपम्याचे पैसे का भरावेत? उलट, सढळ पाहुणचार करणाऱ्या किंगफिशरने हीच कंपनी विकत घेतली आणि 2012 मध्ये तिचीही उड्डाणे थांबली. नुसत्या पाहुणचाराने हिशेब जुळत नाही, हे मी बँकवाला कसे नाकारू?

प्रश्न आहे तो नाही म्हणण्याच्या मुभेचा. जेवण नको म्हणता येते, खिडकीही नको म्हणता येते. पण पस्तीस हजार फुटांवर घसा कोरडा पडला, तर पलीकडच्या दुकानात जाता येत नाही. 2015 साली आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जागा, जेवण, सामान यांचे पैसे वेगळे घ्यायला परवानगी दिली, तेव्हा पिण्याचे पाणी त्यातून वगळले. सरकारी कागदात इतकी माणुसकी क्वचितच आढळते. अडलेल्या माणसाकडून घेतलेल्या पैशाला भाव म्हणत नाहीत. त्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे.

मी पाण्याच्या रकान्यात शून्य लिहिले. ‘‘नफा कमी होईल,’’ नातू म्हणाला.

‘‘होऊ दे. जेवणाच्या भावात भरून काढ.’’

त्याने काढला. कंपनी चालू आहे. फुलवालीचे चाळीस रुपये मात्र कुठल्याच रकान्यातून परत करता येत नाहीत.