आपला उजेड, दुसऱ्याचा अंधार

दसरा-दिवाळी जवळ आली, की आपल्याकडे गाडीला नवं काहीतरी करण्याची टूम निघते. कधी सीट कव्हर, कधी हॉर्न आणि हल्ली हमखास हेडलाइटचे एलईडी बल्ब. जुने पिवळे हॅलोजन काढायचे, त्यांच्या जागी पांढरेशुभ्र एलईडी खोचायचे. तासाभराचं काम, आणि रस्ता कसा दिवसासारखा लख्ख!

हा तर गॅरेजचा, पुरुषांचा विषय, आपल्या पानावर कशाला, असं काहीजणींना वाटेल. पण मैत्रिणींनो, त्या लख्ख उजेडासमोरून रात्रीच्या वेळी येतं कोण? मुलीला क्लासवरून स्कूटीवर घेऊन येणारी आई, ड्युटी संपवून निघालेली सिस्टर, बाळंतिणीला दवाखान्यात पोचवून परतणारी आशाताई. म्हणजे आपणच की!

मागे आमच्या महिला मंडळात सहज विचारलं, अंधार पडल्यावर गाडी चालवायचं कोण कोण टाळतं? निम्म्याहून जास्त हात वर झाले. कारण विचारलं, तर पूर्वी खड्डे, भटकी कुत्री अशी उत्तरं यायची. या वेळी बहुतेकींनी एकच सांगितलं, "समोरून लाइट आला की काहीच दिसत नाही हो ताई." आमच्यातली एकजण शेजारच्या गावात शिवणाचा क्लास घ्यायची. समोरच्या गाडीच्या झोतानं डोळे दिपले, स्कूटीचं चाक साइडपट्टीवरून खाली उतरलं आणि मनगट मोडलं. हाड दीड महिन्यात जुळलं, पण संध्याकाळचा क्लास बंद झाला तो झालाच. ज्या गाडीनं बायकांना कुणावर अवलंबून न राहता हिंडायला शिकवलं, ती गाडी दिवस मावळला की परत अंगणात! मला यात फक्त अपघात दिसत नाही. एका बाईची हक्काची कमाई आणि मोकळीक गेलेली दिसते.

आता यातली गोम काय? मी आर्ट्सची, त्यामुळे एका ऑटो इलेक्ट्रिशियनदादांनाच गाठलं. त्यांनी दोन्ही बल्ब हातात देऊन समजावलं. आपल्याकडच्या कित्येक गाड्यांत एच-फोर नावाचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात, अप्परची ६० वॅटची आणि डिपरची ५५ वॅटची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. खाली जाणारा उजेड ती अडवते, कारण तो रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर आदळला तर उलटून वर, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागच्या चकचकीत रिफ्लेक्टरचा बाकही ती तार नेमकी कुठे आहे, हे धरूनच घडवलेला असतो. म्हणून डिपरला प्रकाश रस्त्यावर पडतो आणि वरच्या बाजूला अंधाराची एक सरळ रेघ राहते.

एलईडीत तार नसतेच. चपट्या पट्टीच्या दोन्ही अंगांना बारीक चिप बसवलेल्या असतात. उजेड निघण्याची जागा बदलली, आकार बदलला, रिफ्लेक्टर मात्र जुनाच. मग प्रकाश वाट्टेल तिकडे फाकतो आणि ती रेघच पुसली जाते. आपल्या मापाचं ब्लाउज शेजारणीला बसेल का? कापड कितीही भारी असलं, तरी माप ते माप! म्हणूनच कंपनीतून एलईडीचा पूर्ण दिवा बसवून आलेली गाडी वेगळी आणि हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब घुसवलेली गाडी वेगळी. त्यात या बल्बच्या मागे तो गार ठेवायला पंखा असतो. तो मावत नाही म्हणून दिव्याचं मागचं रबरी झाकण कापतात किंवा काढूनच टाकतात. मग धूळ आणि पावसाचं पाणी आत.

बरं, चालवणाऱ्याचा तरी फायदा होतो का? जवळचा रस्ता खूप उजळतो, म्हणून झकास दिसल्यासारखं वाटतं. पण डोळे जवळच्या झगमगाटाला सरावले, की लांबचं अंधारातलं उलट कमी दिसतं. आणि समोरच्याचे डोळे दिपले तर? ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात १६ मीटरहून जास्त अंतर कापते. डोळे सावरायला दोन-तीन सेकंद लागले, तरी तेवढा वेळ गाडी आंधळीच धावली म्हणायची. मोतीबिंदू व्हायला लागलेल्या माणसाला तर याचा त्रास फारच जास्त. तेवढ्यात मागे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली आडवी आली तर? नवरात्रात ज्योत घेऊन पळणारी पोरं, कोजागरीला रात्रभर चालत तुळजापूरला निघालेली माणसं याच रस्त्याच्या कडेनं असतात. त्यांच्या अंगावर कुठला आलाय दिवा?

कायदाही याबाबत गप्प नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६वा नियम सांगतो, की दिव्याचा झोत कायम खाली वळलेला हवा. दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे पाच फुटांच्या आत, आपण स्कूटीवर बसल्यावर डोळे येतात साधारण तिथेच! २०१९मध्ये मोटार वाहन कायदा बदलला, तेव्हा नियमात न बसणारा फेरफार करणाऱ्या मालकाला अशा प्रत्येक फेरफारासाठी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. जर्मनीत २०२०मध्ये असे काही एलईडी बल्ब रस्त्यावर वापरायला मान्य झाले, पण कुठला बल्ब कुठल्या गाडीच्या दिव्यात चालतो हे तपासून, नेमक्या त्या गाड्यांपुरतेच. आपल्याकडे मात्र "बसतोय ना? मग लावा" एवढीच तपासणी!

यावर घरातून उत्तर येणार, "पिवळ्या लाइटमध्ये काही दिसत नाही, खेड्यातल्या रस्त्याला दिवे आहेत का?" हे म्हणणं खोटं नाही. रात्रीचा भाजीपाला नेणाऱ्याला, पेशंट घेऊन जाणाऱ्याला उजेड हवाच. पण उजेड कमी पडण्याचं कारण दर वेळी बल्ब नसतो. दिव्याची प्लास्टिकची काच उन्हानं पिवळट, धुरकट झालेली असते. ती पॉलिश करून घ्या. वायरिंग किंवा अर्थिंग गंजलं असेल तर बल्बला पुरता करंटच पोचत नाही, ते दुरुस्त करा. हॅलोजन जुना झाला की मंदावतो, तेव्हा त्याच वॅटचे, चांगल्या कंपनीचे दोन्ही बल्ब एकदम बदला. बदलताना काचेला उघडा हात लावू देऊ नका. बोटाचं तेल लागलेल्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. डिकीत धान्याची पोती भरली, की गाडीचं तोंड वर होतं आणि लाइटही वर जातो. त्यासाठी बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डजवळ शून्य ते तीन आकड्यांचं एक बटण असतं. ते आपल्यापैकी कितीजणींच्या घरात कधी फिरवलं गेलंय?

एक सोपी परीक्षा सांगते. संध्याकाळी सपाट जागेवर, भिंतीपासून पंचवीसेक फुटांवर गाडी उभी करायला सांगा. जमिनीपासून हेडलाइटच्या मध्यापर्यंतची उंची टेपनं मोजा आणि तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूनं आडवी रेघ ओढा. आता डिपर लावा. उजेडाची वरची कड उजव्या बाजूला तरी रेघेच्या खाली, स्पष्ट दिसायला हवी. डाव्या बाजूला ती थोडी वर चढते, ते कडेच्या पाट्या दिसाव्यात म्हणून असतं. पण कड सापडतच नसेल, सगळी भिंतच पांढरी फटक दिसत असेल, तर तो बल्ब काढून टाका. पैसे गेले म्हणून हळहळू नका.

पुढच्या हळदी-कुंकवाला, बचत गटाच्या बैठकीला हा विषय जरूर काढा. गावातल्या गॅरेजवाल्या दादांनाही बोलवा, ते सांगतील. दंडाच्या भीतीनं जे होत नाही, ते घरातल्या बाईनं ठामपणे सांगितलं तर होतं, हा माझा इतक्या वर्षांच्या कामातला अनुभव आहे. आपल्या घरची गाडी रात्री कुणाची तरी लेक, कुणाची तरी सून समोरून येत असताना शेजारून जाणार असते. तिला रस्ता दिसला पाहिजे, एवढं तरी आपण आपल्या घरापासून पाहूया.