छत्री आणि कोडे

कन्नडमध्ये छत्रीला ‘कोडे’ म्हणतात. पॅराशूटच्या बाबतीत हा शब्द मराठी कानांनाही पटावा! पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर सरावाविना पहिलीच उडी घेतली. कौतुक जरूर करावे, अनुकरण नको. त्यांच्याविषयी वाचून निपाणीची माझी एक विद्यार्थिनी स्कायडायव्हिंग शिकायला निघाली आहे. तिच्या आईने विचारले, “सर, छत्री उघडलीच नाही तर वो?”

पाठीवर छत्र्या दोन असतात, मुख्य आणि राखीव. मुख्य बिघडली तर बहुतेक सामग्रीत आधी उजवीकडची मूठ ओढून ती सोडून द्यायची, मग डावीकडची ओढून राखीव उघडायची. क्रम चुकला तर दोन्ही एकमेकींत गुंतू शकतात. अमेरिकेतील नियमानुसार विद्यार्थ्याने हा निर्णय २५०० फुटांच्या वरच घ्यायचा. खाली आल्यावरही वेग धोक्याचा राहिला तर राखीव छत्री आपोआप उघडणारे यंत्र असते. मात्र ते चालू आहे ना, हे विमानात चढण्यापूर्वीच पाहावे. विचारायला लाजू नये.

मुलीला म्हटले, डोळे मिट आणि आधी कोणती मूठ ओढशील ते दाखव. तिने डावा हात उचलला. आता रोज संध्याकाळी आईच तिची परीक्षा घेते.